आधी रंग, मग ग्लू

प्लॅस्टिकच्या किटमधून जेट किंवा स्पिटफायर बांधणाऱ्याच्या हाताला एक क्रम बसलेला असतो. आधी सगळं जोडायचं, फटी बुजवायच्या, घासून सपाट करायचं आणि शेवटी रंगाला बसायचं. पहिल्या महायुद्धातलं दोन पंखांचं विमान, म्हणजे बायप्लेन, हाती घेतलं की हाच क्रम आडवा येतो. वरचा पंख एकदा बसला की दोन पंखांच्या मधल्या जागेत ब्रश नीट फिरत नाही, एअरब्रशचा फवारा कोपऱ्यात साचतो आणि तारांसाठी भोकं पाडायची राहिली असतील तर ती पाडायला ड्रिल उभं राहत नाही. बायप्लेन अवघड असतं असं म्हणतात. त्यातला एकही सुटा भाग अवघड नसतो, अवघड असतो तो त्यांचा क्रम. या लेखातलं बरंचसं सांगणं त्या क्रमाबद्दलच आहे.

पहिल्यांदा बायप्लेन बांधणार असाल तर माझं मत ब्रिटिशांच्या एस.ई.५ए या लढाऊ विमानाच्या बाजूने आहे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत हे घडलं. मूळ एस.ई.५ पहिल्यांदा उडालं २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, आणि जास्त ताकदीच्या इंजिनाचं ५ए पुढच्या वर्षी आलं. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे गुण वेगळेच आहेत. नाक चौकोनी, अंगाच्या रेषा सरळ, आणि दोन्ही बाजूंना पंखांमध्ये दांड्यांची एकेकच जोडी. त्यामुळे तारा मोजक्या आणि त्यांचा मार्ग डोक्यात चटकन बसणारा. शिवाय या विमानाशी आपल्याकडचं एक नाव जोडलेलं आहे. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हेच विमान उडवत होता. ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये असताना जुलै १९१८ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हाँ गावावर झालेल्या हवाई चकमकीत तो मारला गेला. वय होतं १९. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळालेला तो पहिला भारतीय, आणि तो मिळाला मरणोत्तर.

प्रमाण कोणतं घ्यावं? खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर. १:७२ मध्ये तो सव्वाअकरा सेंटिमीटर होतो, १:४८ मध्ये सतरा सेंटिमीटरच्या आसपास आणि १:३२ मध्ये पंचवीस सेंटिमीटरच्या थोडा वर. १:७२ स्वस्त पडतं, पण त्यातल्या दांड्या आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक असतात आणि त्या कापतानाच तुटतात. १:३२ देखणं, पण महाग. पहिल्या खेपेला १:४८ घ्या. या मापात एडुआर्ड या चेक कंपनीचं किट उत्तम आहे, भाग जागच्या जागी बसतात. त्यांच्या ‘प्रोफीपॅक’ पेटीत पितळी पत्र्याचे कोरीव भाग आणि रंगकामाचे मास्क येतात, ‘वीकेंड’ पेटीत ते नसतात आणि किंमत कमी असते. कोरीव पत्रा वाकवण्याची सवय नसेल तर साधी पेटी घ्यायला मुळीच कमीपणा नाही. कॉकपिटमधले पट्टे सोडले तर तो पत्रा बाहेरून फारसा दिसतही नाही.

पेटी घेताना एक गोष्ट बघा: आत इंजिन कोणतं आहे. गिअर लावलेल्या २०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा इंजिनाच्या विमानाला बहुतेक वेळा चार पात्यांचा पंखा असे, तर वूल्झली व्हायपर इंजिनाला दोन पात्यांचा. पुढचं रेडिएटरचं तोंडही दोघांचं वेगळं. एका इंजिनाचं नाक आणि दुसऱ्याचा पंखा अशी सरमिसळ करू नका. आणि अमुक वैमानिकाचं विमान करायचं ठरवलं असेल तर त्याच विमानाचा फोटो आधी मिळवा. ब्रिटिश वैमानिक जेम्स मॅकडन याने पाडलेल्या जर्मन एल.व्ही.जी. विमानाच्या पंख्याचा शंकू आपल्या एस.ई.५ए-च्या नाकावर बसवला होता. असे तपशील नुसत्या सूचनापत्रकावर विसंबून कळत नाहीत.

हत्यारांसाठी परदेशी मागणी नोंदवण्याआधी सोनारकामाची आणि घड्याळदुरुस्तीची हत्यारं विकणारं जवळचं दुकान गाठा. बारीक टोकाचे चिमटे, हाताने फिरवायचं पिन व्हाइस, ०.३ आणि ०.४ मिलिमीटरची ड्रिल, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं तिथे मिळतं आणि हॉबीच्या दुकानापेक्षा बरंच स्वस्त. प्लॅस्टिक कापायचं निप्पर मात्र चांगलंच घ्या. बोथट निप्परने दांडी कापली की ती पांढरी पडून चिरते. ग्लू दोन लागतात. एक पाण्यासारखा पातळ, प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा, उदाहरणार्थ तामियाचा एक्स्ट्रा थिन, आणि दुसरा फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा. हा दुसरा फक्त तारांसाठी. पंख बसवताना त्याला हात लावू नका, का ते पुढे येईलच.

आता पेटी उघडली. पहिली संध्याकाळ कापाकापीत घालवू नका. सूचनापत्रक घेऊन बसा आणि पेन्सिलीने त्यावर स्वतःचा क्रम लिहा. पत्रकातला क्रम जोडणीच्या सोयीचा असतो, रंगकामाच्या नव्हे. माझ्या हिशोबाने विमानाचे तुकडे असे पडतात: खालच्या पंखासकट धड, सुटा वरचा पंख, सुटी आडवी शेपूट, सुकाणू, सगळ्या दांड्या स्प्रूवरच ठेवलेल्या, चाकांचा सांगाडा, चाकं, पंखा आणि दोन्ही मशीनगन. यातला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रंगवून, डिकल लावून, वॉर्निश मारून पूर्ण करायचा आणि मगच एकमेकांना भिडवायचा.

पण रंगाच्याही आधी भोकं. तारेचं प्रत्येक टोक जिथे टेकणार तिथे आत्ताच, कोऱ्या प्लॅस्टिकवर, पिन व्हाइसने खड्डा पाडून घ्या. खालच्या पंखाच्या मुळाशी, वरच्या पंखाच्या पोटाला, प्रत्येक दांडीच्या बुडाशी आणि माथ्याशी, शेपटीला, चाकांच्या सांगाड्याला. आधी सुईच्या टोकाने खूण करा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. तार ज्या कोनात जाणार त्याच कोनात ड्रिल धरा. सरळ उभं भोक पाडलं तर तार बाहेर पडताना मोडल्यासारखी दिसते. पंख पातळ असतो, तेव्हा आरपार जाऊ नका. आरपार गेलंच तर घाबरायचं कारण नाही. अनेक जण मुद्दाम तसं करतात, धागा वरून ओढून घट्ट करतात, कापतात आणि भोक पुट्टीने बुजवतात. पण मग वरच्या पंखाचा माथा शेवटी पुन्हा रंगवावा लागतो, आणि नवशिक्याने ते ओढवून घेऊ नये असं मला वाटतं.

कॉकपिटमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते लाकूड. त्यासाठी आधी फिकट बदामी रंगाचा थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग त्यावर कॅमल कंपनीच्या तैलरंगातला बर्न्ट सिएना अगदी थोडा घेऊन ताठ केसांच्या जुन्या ब्रशने एकाच दिशेने ओढा. ब्रशच्या रेघा राहतात आणि त्याच लाकडाचे दाणे दिसतात. थोडा बर्न्ट अंबर मिसळला की डॅशबोर्ड धडाच्या लाकडापेक्षा गडद निघतो. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस घेतो, पावसाळ्यात जास्तही. तोवर पंख्याला तीच प्रक्रिया करून घ्या. खरा पंखा लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून कोरलेला असे. त्या थरांच्या रेषा दाखवायच्या असतील तर बारीक मास्किंग टेपच्या पट्ट्या लावून दुसरी छटा द्या. त्याच कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग मात्र विमानाच्या अंगाला लावू नका. ते कॅनव्हाससाठी असतात, प्लॅस्टिकवर जाड बसतात आणि टेपबरोबर सोलून निघतात.

धड, खालचा पंख आणि शेपटीचा उभा भाग जोडून झाला, फटी घासून झाल्या, की प्रायमर. करड्या प्रायमरखाली राहिलेली फट लगेच दिसते. ती इथेच दुरुस्त करा.

आता रंग, आणि रंगाबरोबर वाद. या विमानाची वरची आणि बाजूची अंगं ‘पीसी-१०’ नावाच्या रंगाने झाकलेली असत. ‘प्रोटेक्टिव्ह कव्हरिंग’ या शब्दांवरून ते नाव आलं. उन्हामुळे विमानावर ताणलेलं लिननचं कापड कुजतं, त्यापासून ते वाचावं हा मुख्य हेतू. त्यात पिवळी माती, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आणि काजळीचा काळा यांचं मिश्रण होतं. ते कशात कालवलं आहे यावर आणि किती ऊन खाल्लं आहे यावर छटा बदलायची. त्यामुळे कोणी ते ऑलिव्ह हिरवं म्हणतं, कोणी चॉकलेटी, आणि दोन्ही बाजू आपापले पुरावे घेऊन भांडत असतात. एका विमानाची एकच अचूक छटा शोधण्यात महिने घालवणारी माणसं आहेत. त्यांच्या नादी लागू नका. तामियाच्या एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅबमध्ये थोडा एक्सएफ-१० तपकिरी मिसळा. प्रकाशात धरल्यावर हिरवा की तपकिरी असा प्रश्न पडला की मिश्रण जमलं. नंतर पंखाच्या काही पट्ट्यांवर तोच रंग किंचित पिवळसर करून अगदी पातळ फवारा, म्हणजे मोठा सपाट पंख निर्जीव दिसत नाही.

पोटाची बाजू रंगवलेली नसे. तिथे लिननवर फक्त पारदर्शक डोपचा, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या वॉर्निशचा थर, त्यामुळे कापडाचा मळका सायीसारखा रंग दिसे. एक्सएफ-५५ डेक टॅनमध्ये पांढरा मिसळून हा जवळपास मिळतो. आधी हा फिकट रंग मारा, तो झाका आणि मग वरचा गडद. उलट क्रमाने केलंत तर गडदावर फिकट चढवताना तीन-चार जास्त थर द्यावे लागतात. पंखाच्या कडेची रेषा कडक हवी. इथे छटा विरघळवण्याची कला दाखवू नका, कारण खऱ्या विमानावर हे रंग ब्रशने लावलेले असत.

एअरब्रश नसेल तरी अडत नाही. व्हॅलेहोचे पाण्यात कालवायचे रंग रुंद, मऊ ब्रशने दोन-तीन पातळ थरांत द्या, आधीचा थर वाळू द्या आणि पंखाच्या फासळ्यांच्या दिशेने ब्रश ओढा. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात काम करत असाल तर एक पथ्य पाळा. लॅकर जातीचे रंग आणि डब्यातलं स्प्रे वॉर्निश दमट हवेत पांढुरकं पडतं. भर पावसाच्या दिवशी ते मारू नका, कोरडी दुपार सापडेपर्यंत थांबा. आणि थिनर उघडा असेल त्या खोलीत गॅस, निरांजन, मेणबत्ती काहीही पेटतं नको. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा.

डिकलआधी चकचकीत वॉर्निशचा थर द्यायचा, म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी डाग पडत नाहीत. फासळ्यांच्या उंचवट्यावर डिकल बसायला सॉफ्टनर लागतो. तो लावल्यावर डिकल सुरकुततो, तेव्हा त्याला हात लावू नका, वाळताना तो आपोआप ताणला जातो. राष्ट्रचिन्हाच्या वर्तुळांत लाल मध्यभागी आणि निळा बाहेर. गडद पृष्ठभागावर त्याभोवती पांढरी बारीक कड असे. सुकाणूवरच्या उभ्या पट्ट्यांत निळा पट्टा पुढे, लाल मागे. ब्रिटिशांनी हा क्रम १९३० मध्ये उलटवला, त्यामुळे नंतरच्या काळातल्या विमानांचे फोटो बघून पट्टे लावाल तर फसाल.

आता वरचा पंख. सगळं काम या एका तासावर टांगलेलं असतं, म्हणून दिवसाच्या शेवटी थकलेल्या हाताने हे करू नका. दांड्या ज्या खाचांत बसतात तिथला रंग आधी खरवडून काढा. रंगावर ग्लू धरत नाही आणि रंगाच्या थराने खाच अरुंद झालेली असते. मग जाड पुठ्ठ्याचा जिग करा. विमानाचं पुढून दिसणारं चित्र आपल्या मापाला झेरॉक्स करून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पंखांच्या रेषेत कापा. एस.ई.५ए-चे दोन्ही पंख टोकांकडे सुमारे पाच अंश वर उचललेले असतात. १:४८ मध्ये याचा अर्थ पंखाचं टोक मुळापेक्षा सहा-सात मिलिमीटर उंच. दोन्ही पंखांना सारखीच उचल असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर मुळाशी आणि टोकाशी सारखं राहायला हवं. हेच या विमानाचं सोपेपण.

वरचा पंख उताणा, म्हणजे पोट वर करून, फोमच्या तुकड्यावर ठेवा. कॉकपिटसमोरच्या चार छोट्या दांड्या आधीच धडाला लावून वाळवलेल्या असू द्या. पंखांमधल्या चार दांड्या वरच्या पंखाच्या खाचांत उभ्या करा, त्यांना पातळ ग्लूचा एकच थेंब द्या. मग विमान उलटं धरून सावकाश खाली आणा आणि चिमट्याने एकेक टोक खाचेत सरकवा. पातळ ग्लू वाळायला काही मिनिटं घेतो, तेवढा वेळ दांड्या हलवून सरळ करता येतात. फेविक्विकने ही मुभा मिळत नाही, जिथे टेकलं तिथे धरलं. सगळं बसलं की जिगमध्ये ठेवून आधी पुढून बघा, दोन्ही टोकं एका उंचीवर हवीत. मग बाजूने बघा, पुढची आणि मागची दांडी एकमेकींना समांतर हवी. वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे, तो मागे सरळ करायच्या फंदात पडू नका, तो तसाच असतो. शेवटी वरून बघा, शेपटीची कड पंखाच्या कडेला समांतर हवी. मग रात्रभर हात लावायचा नाही.

तारा लावायच्या की नाही, हा प्रश्न नवशिके विचारतात. लावायच्याच. तारांशिवाय बायप्लेन अर्धवट दिसतं, कितीही छान रंगवलेलं असो. पण कुठली तार कशासाठी हे कळलं की लावणं सोपं होतं. उडताना पंख वर ओढले जातात. त्यांना धडाशी बांधून ठेवणाऱ्या तारा खालच्या पंखाच्या मुळापासून वर बाहेरच्या दांडीच्या माथ्याकडे जातात. सगळ्यात जास्त ताण यांच्यावर, म्हणून एस.ई.५ए-वर त्या जोडीने असतात. जमिनीवर असताना पंख आपल्याच वजनाने खाली झुकतात, त्यांना धरणाऱ्या तारा उलट दिशेने, वरून मध्यातून बाहेर खाली, आणि त्या एकेरी. पुढच्या-मागच्या दांडीमध्ये फुलीच्या तारा, कॉकपिटसमोर फुली, चाकांच्या सांगाड्यात फुली. बाकी उरल्या त्या सुकाणू, शेपूट आणि पंखांवरचे एलेरॉन हलवणाऱ्या.

आतून बाहेर या क्रमाने जा. आधी कॉकपिटसमोरची फुली, मग दांड्यांमधल्या, मग जमिनीवरच्या एकेरी तारा, मग उडतानाच्या जोडतारा, सगळ्यात शेवटी नियंत्रणाच्या. बाहेरची तार आधी लावली की आतल्या तारेसाठी चिमटा शिरत नाही. धाग्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, मॉडेलसाठीच मिळणारा लवचीक धागा. एक टोक फेविक्विकने खड्ड्यात बसवायचं, थोडा ताणून दुसरं टोक बसवायचं. चुकून बोट लागलं तरी तुटत नाही, परत ताठ होतो. पहिल्या विमानाला हाच घ्या. दुसरा, शिवणकामाच्या दुकानात मिळणारा पारदर्शक नायलॉन धागा, करड्या मार्करने रंगवलेला. तो सैल पडला तर पेटवून विझवलेली उदबत्ती, नुसता निखारा, जवळून न टेकवता फिरवा. नायलॉन आकसतो आणि तार ताठ होते. फार जवळ नेलीत तर तुटते, म्हणून आधी रिकाम्या स्प्रूवर सराव करा. फेविक्विकचा थेंब बाटलीतून थेट टाकू नका, पत्र्यावर घेऊन सुईच्या टोकाने लावा. रंग काळा किंवा झगझगीत चंदेरी नको. ब्रिटिश विमानांवर गोल केबलऐवजी चपट्या, हवा कापणाऱ्या पोलादी पट्ट्या असत, त्यांना मंद करडी छटा शोभते.

जुनेपणा दाखवताना हात आवरा. दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांवर करतात तसे चंदेरी ओरखडे या पंखांवर काढणारे लोक मी पाहिले आहेत. खाली धातू नाहीच, कापड आहे, तर ॲल्युमिनियम दिसणार कुठून? ओरखडे काढायचेच तर इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणांवर. दुसरं, एरंडेल तेलाचे ओघळ हे फिरत्या रोटरी इंजिनांचं वैशिष्ट्य, सॉपविथ कॅमलसारख्या विमानांचं. एस.ई.५ए-ला पाण्याने थंड होणारं व्ही-८ इंजिन होतं, तेव्हा इथे दिसणार ती काजळी, आणि तीही दोन्ही बाजूंनी कॉकपिटच्या मागेपर्यंत जाणाऱ्या लांब नळ्यांच्या टोकापाशी. चाकांवर आणि खालच्या पंखाच्या पोटाला सुक्या चिखलाचे शिंतोडे, वैमानिक जिथे पाय देऊन चढे तिथे थोडा मळ. एवढं पुरे.

मशीनगन शेवटी लावायच्या, नाहीतर तारा लावताना त्या मोडतात. कॉकपिटसमोरची व्हिकर्स पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडे, म्हणून ती धडात बसलेली. दुसरी, लुईस, वरच्या पंखावर ‘फॉस्टर’ रुळावर असते. तिचं गोल मॅगझिन बदलायला वैमानिक तिला रुळावरून खाली ओढत असे. ती ओढलेल्या स्थितीत दाखवली तर मॉडेल एकदम वेगळं दिसतं, फक्त रुळाची वक्रता आणि गनची मूठ नीट जुळवावी लागते.

पूर्ण झालेलं विमान काचेच्या पेटीत ठेवा. उघड्यावर ठेवाल तर तारांवर धूळ बसते आणि ती फडक्याने काढता येत नाही. मेकअपच्या मऊ ब्रशने, तारेच्या लांबीच्या दिशेने, हलकेच झटका.

यानंतर सॉपविथ कॅमलकडे वळलात तर लक्षात ठेवा, त्याचा वरचा पंख सपाट आणि फक्त खालचा उचललेला. इथला पुठ्ठ्याचा जिग तिथे चालणार नाही. आणि पुढे कधी मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंकर यांचं सॉपविथ डॉल्फिन करावंसं वाटलं, तर थोडी तयारी करून उतरा. वेलिंकर २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते आणि जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे, वैमानिकाचं डोकं त्या पंखाच्या मधल्या चौकटीतून वर आलेलं, आणि प्रत्येक बाजूला दांड्यांच्या दोन जोड्या. तारा जवळजवळ दुप्पट, तेव्हा धाग्याची रिळं आधीच जास्तीची मागवा आणि भोकांचा नकाशा कागदावर काढल्याशिवाय ड्रिल उचलू नका.